मिठाची वाट, विजेची साठवण

मुरगावहून निघून दूधसागरचा घाट चढणारा लोहमार्ग ज्या ठिकाणी बेळगाव–हुबळी मार्गाला मिळतो, ते स्थानक म्हणजे लोंढा. या मार्गाचे मूळ १८७८ च्या इंग्रज–पोर्तुगीज करारात आहे. त्या कराराने गोव्याला आगगाडी दिली आणि गोव्याचे मीठ हिरावून घेतले! वर्षाला चार लाख रुपयांच्या मोबदल्यात येथील मीठ-उत्पादनावरचा ताबा ब्रिटिश सरकारकडे गेला. १८९२ मध्ये करार संपला. परंतु तोवर कित्येक मिठागरे ओस पडली होती. आपल्या पायाखालच्या वस्तूचे मोल दुसऱ्याने ठरवले की काय होते, याचा तो धडा होय.

तो धडा आज आठवण्याचे कारण निराळे आहे. मिठातील मूलद्रव्य सोडियम आता विजेच्या साठवणीसाठी पुढे येत आहे. डिसेंबर २०२३ मध्ये केपीआयटी या पुण्याच्या कंपनीने सोडियम-आयन बॅटरीचे तंत्र जाहीर केले. त्यामागे पुण्यातीलच ‘आयसर’ या विज्ञानसंस्थेच्या सहकार्याने झालेले अनेक वर्षांचे संशोधन आहे. मराठी मुलखात घडलेल्या या कामाची दखल घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

आज मोबाइलपासून स्कूटरपर्यंत राज्य आहे ते लिथियमचे. ही बॅटरी हलकी व दमदार खरी, पण तिच्या पोटात ज्वालाग्राही द्रव असतो. आतील दोन ध्रुवांमधला प्लॅस्टिकचा पातळ पडदा फाटला किंवा उष्णतेने आकसला, की ध्रुव एकमेकांस भिडतात, तापमान झपाट्याने चढते आणि काही प्रकारांत धनध्रुवाचे द्रव्यच प्राणवायू सोडून आगीला हातभार लावते. सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला आणि सात वर्षांचा एक मुलगा दगावला. त्यानंतर केंद्राने डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने कडक चाचण्या लागू केल्या. परंतु नियम ठिणगी विझवत नाहीत; ते काम पदार्थविज्ञानालाच करावे लागते.

येथे नॅनोतंत्राचा संबंध येतो. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. माणसाचा केस सुमारे ऐंशी हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो. १९९७ मध्ये अक्षय पाधी या भारतीय संशोधकाने जॉन गुडइनफ यांच्यासमवेत लोह-फॉस्फेटाचा धनध्रुव पुढे आणला. त्यातील प्राणवायू फॉस्फरसशी इतका घट्ट बांधलेला असतो की तापल्यावरही तो सहजी सुटत नाही. मात्र त्या द्रव्यातून वीज नीट वाहत नसे. कण अतिसूक्ष्म करून त्यांवर कार्बनचा लेप दिला, तेव्हा ते कामाचे ठरले. मधल्या पडद्यावर चिनीमातीसारख्या टणक पदार्थाच्या सूक्ष्म कणांचा थर दिला, तर तोही उष्णतेत आकसत नाही. तथापि कण जितका लहान तितके त्याचे पृष्ठ अधिक, आणि म्हणून द्रवाशी नको त्या अभिक्रियाही अधिक. नॅनो हा काही मंत्र नव्हे. ती मापून-जोखून वापरावयाची विद्या आहे.

सोडियमची कथाही अशीच. त्याचा कण लिथियमहून मोठा असतो आणि नेहमीच्या ग्रॅफाइटात तो नीट सामावत नाही. त्यासाठी वेड्यावाकड्या रचनेचा ‘कठीण कार्बन’ घडवावा लागतो. महाग तांब्याच्या पत्र्याऐवजी येथे ॲल्युमिनियम चालते आणि बॅटरी पूर्ण रिकामी करून निर्धोकपणे पाठवता येते. उलट तेवढ्याच वजनात वीज कमी मावते आणि द्रव ज्वालाग्राही असेल तर धोकाही पुरता टळत नाही.

मिठागरे आपली, म्हणून हा उद्योगही आपसूक आपला होईल काय? मुळीच नाही. आगरातले मीठ थेट बॅटरीत जात नाही. आधी त्याचा सोडा बनावा लागतो आणि तो उद्योग मुख्यतः गुजरातेत आहे. मुरगाव बंदरातून आपण वर्षानुवर्षे लोहखनिज जपानला धाडले. पोलाद तिकडे झाले, खड्डे मात्र इकडे उरले. कच्च्या मालाने श्रीमंती येत नाही, त्यावर चालणाऱ्या बुद्धीने येते.

म्हणून आमची सूचना साधी आहे. गोवा विद्यापीठ व बेळगावचे विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठ यांनी मिळून बॅटरी-तपासणीचे एक केंद्र उभारावे. किनाऱ्याची खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि घाटाची चढण या तिन्हींत बॅटरी कशी टिकते, हे पाहण्यास मुरगाव ते लोंढा या पट्ट्याइतकी सोयीची जागा कोठे मिळणार? या भागातील दुरुस्ती करणाऱ्या पोरांनाही तेथे शिक्षण मिळावे. स्वस्तातल्या बनावट बॅटऱ्यांची पहिली झळ त्यांच्याच हातांना लागते.

या वाटेने एकदा आपले मीठ दुसऱ्याच्या हिशेबात गेले. आता निदान त्या मिठाची विद्या तरी आपल्या हाती राहावी. त्यासाठी कराराची वाट पाहण्याचे कारण नाही. दोन सरकारांची इच्छा पुरेशी आहे.