मांडवातली श्रीमंती

तुळशीचे लग्न झाले की टेंभुर्णी परिसरात मांडव पडू लागतात. गेल्या लग्नसराईत अशाच एका लग्नाला गेलो होतो. दारात कोरा ट्रॅक्टर, बँड, रोषणाई, गावजेवण. पंगतीतले एक बाबा म्हणाले, "घर मोठं आहे बरं!"

महिन्याभराने त्याच घरचे कारभारी कागद घेऊन आले. सातबाऱ्यावर इतर हक्कांच्या रकान्यात पीककर्जाचा बोजा, ट्रॅक्टरचे हप्ते वेगळे, आणि लग्नासाठी खाजगीत काढलेले पाच लाख, महिना शेकडा तीन रुपयांनी. "एवढे कशाला काढले?" मी विचारले. खाली मान घालून म्हणाले, "साहेब, कमी केलं असतं तर भावकीत नाक कापलं असतं."

दोघांनी बसून हिशेब मांडला. वर्षाचे नुसते व्याज 1,80,000 रुपये. लांब धाग्याच्या कापसाचा 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये. म्हणजे बावीस क्विंटल कापूस व्याजातच गेला. कोरडवाहूत एकरी साडेपाच क्विंटल धरले, तर चार एकरांचे पीक. बी, खत, वेचणी यांचा खर्च वेगळाच, आणि मुद्दल तसेच उभे!

व्यापारी आपल्या मालाचा भाव सांगतो. आपल्याला भाव विचारावा लागतो. दोघांचे मांडव सारखे दिसले, तरी एकाचा नफ्यातून उभा असतो, दुसऱ्याचा जमिनीतून. आणि तो पाहून दोन एकरवालाही तेवढाच मांडव घालतो.

सगळा दोष लग्नांचा नाही. अमेरिकेतले यादवी युद्ध 1865 साली संपले आणि कापसाचे भाव कोसळले. त्यात सारा वाढलेला. शेवटी 1875 साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. भाव तेव्हाही आपल्या हाती नव्हता, आजही नाही. मांडव मात्र आपल्या हाती आहे.

म्हणून सुपारी फोडण्याआधी घरातल्या बायामाणसांसह खर्चाचा कागद करा. हुंडा देणे आणि घेणे, दोन्ही 1961 च्या कायद्याने गुन्हा आहे. विनापरवाना सावकारीही 2014 च्या कायद्याने गुन्हा आहे. तिची तक्रार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात करता येते.

कारभाऱ्यांच्या घरच्या बाई सारे ऐकून म्हणाल्या, "धाकटीचं देवळात लावू. आधी हे फिटू द्या." त्या दिवशी मला ते घर खरेच मोठे वाटले.