बरे वाटू लागल्यानंतर

घरातील कर्ता मुलगा रात्र रात्र जागू लागतो. दोन-तीन तासच झोप झाली तरी त्याला थकवा म्हणून येत नाही. तो अखंड बोलतो, नवनव्या धंद्यांचे बेत आखतो, कर्ज काढून खरेदी करतो आणि कोणी अडविले तर चवताळून उठतो. काही महिन्यांनी हाच मुलगा अंथरुणातून उठेनासा होतो. अन्न गोड लागत नाही, जगणे नकोसे वाटते. लोक पहिल्या अवस्थेला माज म्हणतात, दुसरीला आळस. वाचकहो, ही दोन्ही एकाच आजाराची रूपे होत. वैद्यकशास्त्र त्यास द्विध्रुवीय मनोविकार म्हणते. उन्माद आणि विषाद हे त्याचे दोन ध्रुव. हा संस्कारांचा दोष नव्हे, की बाहेरची बाधाही नव्हे. त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो.

या आजारावरील एका जुन्या व अजूनही महत्त्वाच्या औषधाचा इतिहास उद्‌बोधक आहे. ऑस्ट्रेलियातील मेलबर्नजवळच्या एका मनोरुग्णालयात डॉ. जॉन केड यांनी 1948 साली उन्मादाच्या रुग्णांना लिथियमचे क्षार देऊन पाहिले. पहिला रुग्ण 51 वर्षांचा होता. पाच वर्षे त्याचा उन्माद शमला नव्हता. काही आठवड्यांतच तो शांत झाला, घरी गेला, पूर्वीच्या कामावरही रुजू झाला. पण बरे वाटू लागल्यावर त्याने औषध सोडले आणि काही महिन्यांतच त्याला रुग्णालयात परतावे लागले. पुढे 1950 साली लिथियमची विषबाधा होऊनच त्याचा अंत झाला. रक्तातील लिथियम मोजण्याची पद्धत तेव्हा रूढ झालेली नव्हती.

या एका आयुष्यात दोन धडे आहेत. बरे वाटणे हा बहुधा औषधाचाच परिणाम असतो. तो पाहून औषध सोडू नये. आणि औषध मोजमापाशिवाय घेऊ नये. आता रक्ततपासणीने लिथियमची मात्रा ठरविता येते. तिच्या जोडीने मूत्रपिंड व थायरॉइड यांचीही ठरावीक काळाने तपासणी करावी लागते. जुलाब, उलट्या, अतिघाम किंवा जेवणातील मीठ एकदम कमी करणे, यांमुळे ही मात्रा धोकादायक ठरेल इतकी वाढू शकते. काही वेदनाशामक गोळ्यांनीही वाढते. हात फार थरथरणे, तोल जाणे, बोलणे अडखळणे अशी चिन्हे दिसताच डॉक्टरांना गाठावे. लिथियमखेरीज इतर औषधेही आहेत. कोणते कोणास द्यावे, हे डॉक्टरांनीच ठरवावयाचे. मात्र विषादासाठी डॉक्टरांकडे जाताना पूर्वीच्या उन्मादाची हकीकत अवश्य सांगावी, कारण केवळ विषादावरील औषधाने उन्माद उसळण्याचा संभव असतो.

कुटुंबाने काय करावे? 1950 च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आप्तांना रुग्णासोबत आवारातील तंबूंत राहावयास लावले. आप्त हे उपचाराचेच एक अंग आहेत, हे त्यामागील सूत्र. आपणही ते अंगीकारू शकतो. झोप एकाएकी कमी होणे ही पुष्कळदा उन्मादाची पहिली खूण असते. ती कोणी ओळखावी, डॉक्टरांना कोणी कळवावे, पैशांचे व्यवहार तात्पुरते कोणी पाहावेत, हे रुग्णाची प्रकृती स्थिर असतानाच त्याच्या संमतीने ठरवून ठेवावे. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने प्रौढ व्यक्तीस आपल्यावर कोणते उपचार व्हावेत, कोणते होऊ नयेत, हे आगाऊ लिहून ठेवण्याचा आणि आपला प्रतिनिधी नेमण्याचा हक्कही दिला आहे.

रुग्ण मरणाची भाषा बोलू लागला तर ती बतावणी समजू नये. त्यास एकटे सोडू नये, घरातील औषधांचा साठा त्याच्या हाती लागू देऊ नये आणि विनाविलंब रुग्णालयात न्यावे. ‘टेलि-मानस’च्या 14416 या विनामूल्य क्रमांकावर 2022 पासून अहोरात्र सल्ला मिळतो, मराठीतूनही मिळतो.