झाडू हे ‘मुख्य काम’ आहे काय?

कचरा रोज पडतो आणि रोज उचलावा लागतो. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्याने तर रस्त्यांची सफाई हे पालिकेचे बंधनकारक कर्तव्य ठरवले आहे. असे असूनही हजारो सफाई कामगार पालिकेचे नव्हते, कंत्राटदाराचे होते. या कामावर कोणत्या जातींची माणसे आहेत हे आपल्या वाचकांना सांगायला नको. कायद्याने त्यांना दाराबाहेर कसे ठेवले, एवढेच येथे पाहायचे आहे.

१९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याच्या नावातच ‘निर्मूलन’ हा शब्द होता. कलम १० प्रमाणे एखाद्या कामातील कंत्राटी पद्धत बंद करताना सरकारने काही कसोट्या लावायच्या होत्या: काम बारमाही आहे काय, धंद्याला ते आवश्यक आहे काय, इतरत्र ते कायम कामगार करतात काय, पूर्णवेळ माणसे लागावीत इतके ते आहे काय. झाडूइतके बारमाही काम दुसरे कोणते? ९ डिसेंबर १९७६ च्या अधिसूचनेने केंद्राच्या अखत्यारीतील आस्थापनांच्या इमारतींची झाडलोट, सफाई आणि राखण या कामांत कंत्राटी कामगार लावण्यास मनाई झाली.

पण त्या कामगाराचे पुढे काय, याबाबत कायदा गप्प होता. कंत्राट गेले की माणूसही रस्त्यावर. मुंबईतील एअर इंडियाच्या सफाई कामगारांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली म्हटले की, मनाई होताच तो कामगार मूळ मालकाचा होतो. हे सुख पाच वर्षेही टिकले नाही. ३० ऑगस्ट २००१ रोजी घटनापीठाने स्टील अथॉरिटीच्या खटल्यात तो निर्णय फिरवला आणि १९७६ ची अधिसूचनाही रद्दबातल केली. आता आपले कंत्राट हा केवळ देखावा आहे, हे कामगारानेच औद्योगिक न्यायाधिकरणापुढे सिद्ध करायचे.

सिद्ध कशाने करायचे? कागदाने. आणि कागद तर मुकादमाकडे! मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाने ही लढाई लढवली. न्यायाधिकरणाने २०१४ साली २७०० कामगारांना कायम करण्याचा निकाल दिला आणि एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. त्यानंतरही कित्येकांचे कायम होणे नावांच्या नोंदीतील चुकांपाशी अडले. ज्याने आयुष्यभर शहराची घाण काढली, त्याला आपण आपणच आहोत हे पटवावे लागले.

लाड-पागे समितीच्या शिफारशींप्रमाणे वारसाला नोकरी मिळते तीही कायम सफाई कामगाराच्या. ही तरतूद जातीला झाडूशी बांधते, हा आपल्यातल्या अनेकांचा आक्षेप रास्त आहे. पण कंत्राटी कामगाराच्या मुलाला नोकरीही नाही. त्याच्या वाट्याला नुसता झाडू.

१९७० च्या कायद्याची जागा आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली आहे. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. ‘मुख्य कामा’त कंत्राटी कामगार लावण्यास तिने मनाई केली आहे, अर्थात काही पळवाटा ठेवूनच. पण मुख्य काम म्हणजे काय हे सांगताना एक यादी वगळली आहे. यादीत पहिले नाव सफाईचे: झाडलोट आणि सर्व प्रकारचा कचरा गोळा करून त्याची विल्हेवाट लावणे. पुढे राखण, उपाहारगृह, हमाली, बागकाम, धुलाई. गावकीची आणि बलुत्याची कामे कोणी नव्याने लिहून काढावीत तशी ही यादी वाटते. १९७६ साली ज्या कामात कंत्राट निषिद्ध मानले गेले, तेच काम आता यादीत सर्वांत वर बसून कंत्राटाला मोकळे झाले आहे. शिवाय जेथे पूर्वी वीस कामगारांना कायदा लागू होत असे, तेथे आता पन्नास लागतात.

मात्र यादीला एक अट जोडलेली आहे. आस्थापना त्याच कामासाठी स्थापन झालेली नसेल, तरच ते काम वगळले जाते. कारखाना, बँक किंवा विद्यापीठ झाडण्यासाठी स्थापन झाले नाही, असे म्हणता येईल. नगरपालिकेला तसे म्हणता येईल काय? पुढचा वाद याच शब्दांवर होईल, आणि तेथे १८८८ च्या कायद्यातले ते बंधनकारक कर्तव्य आपल्या उपयोगी पडेल. तोवर वस्तीतल्या शिकलेल्या मुलांनी प्रत्येक कामगाराचे नाव आधारपत्रावर, भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यात आणि हजेरीपटावर एकाच पद्धतीने लिहिले आहे काय, हे बसून तपासावे. ठेकेदार बदलला की जुने ओळखपत्र परत मागतात. ते देण्याआधी त्याची प्रत काढून ठेवावी.