गिझर ड्राय बाल्कनीत हलवा!

थंडी पडली की बाथरूममधल्या गॅस गिझरनं जीव घेतल्याची बातमी येते आणि लगेच ‘गॅस गळती’ची चर्चा सुरू होते. बहुतेक वेळा गळती झालेलीच नसते. झाली असती तर नाकाला कळलं असतं. एलपीजीत उग्र वासाचं मर्कॅप्टन मिसळतात ते त्यासाठीच. जीव घेतो तो कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही, त्यानं डोळेही चुरचुरत नाहीत. तो सिलिंडरमधून येत नाही. हवा अपुरी पडली की ज्योतीतच तयार होतो.

म्हणून गिझरच्या कंपनीआधी बाथरूमचं माप बघा. चार बाय सहा फुटांच्या, आठ फूट उंच बाथरूममध्ये जेमतेम साडेपाच घनमीटर हवा असते. मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा गिझर पूर्ण आचेवर तासाला किलोभराच्या आसपास गॅस जाळतो आणि त्याला सुमारे बारा घनमीटर हवा लागते. दहा मिनिटांना दोन घनमीटर! दार-खिडकी घट्ट लावलेली असेल, तर एका आंघोळीत खोलीतला एक तृतीयांशाहून जास्त ऑक्सिजन संपला. ज्योत त्याच्या बरीच आधी कोंडते. अनेक गिझर वीस मिनिटांनी आपोआप बंद होतात, हे विक्रेता कौतुकानं सांगतो. वरचा हिशेब त्यालाही दाखवा.

कार्बन मोनॉक्साइड कसा मारतो, हे जॉन स्कॉट हाल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञानं स्वतःवर प्रयोग करून पाहिलं. (भारतात स्थायिक होऊन 1964 मध्ये भुवनेश्वरला वारलेले जे. बी. एस. हाल्डेन हे त्याचे चिरंजीव.) 1895 मध्ये प्रसिद्ध केलेल्या या प्रयोगांत, रक्तातलं निम्मं हिमोग्लोबिन निकामी होईपर्यंत तो हा वायू हुंगत राहिला. बसल्या जागी फारसा त्रास जाणवत नाही, पण उठायला जावं तर पाय साथ देत नाहीत, हे त्याला दिसलं. या वायूचा धोका वेळीच कळावा म्हणून खाणीत कॅनरी पक्षी न्यायची शिफारस त्याचीच. आतून कडी लावलेल्या माणसाला दोन पावलांवरचं दार का गाठता येत नाही, याचं उत्तर या जुन्या प्रयोगांत आहे. हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्टपणे या वायूला धरून ठेवतं. करोनाकाळात घेतलेला ऑक्सिमीटर इथे चक्क फसवतो. हिमोग्लोबिननं ऑक्सिजन धरलाय की हा वायू, हे त्याला ओळखता येत नाही आणि आकडा 98 दिसू शकतो.

‘आमच्याकडे एक्झॉस्ट आहे,’ हे उत्तर नेहमीचं. पण पंखा हवा बाहेर फेकतो. आत यायला वाट नसेल तर तो नुसताच घरघरतो. दाराला खाली जाळी हवी, वर उघडी खिडकी हवी. आपण काय करतो? थंडी वाजते म्हणून खिडकीच्या काचपट्ट्यांवर थर्माकोल चिकटवतो. बिल्डरनं ती खिडकी कोंदट डक्टमध्ये काढलेली असेल, तर विचारायलाच नको.

अमेरिकेत आपल्या नातेवाइकांच्या घरी गॅस फर्नेस असतो, पण त्याचा धूर नळीवाटे घराबाहेर जातो आणि अनेक राज्यांत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म कायद्यानं सक्तीचा आहे. आपल्याकडे धुराची नळीच नसलेला गिझर, तोही घरातल्या सगळ्यात लहान खोलीत, डोक्यावर टांगायची रीत पडली. माझ्या मते ती सरसकट बंद व्हायला हवी.

गिझरची जागा ड्राय बाल्कनीत, मोकळ्या हवेत. तिथून बाथरूमपर्यंत गरम पाण्याची नळी प्लंबर ओढून देतो. ते होईपर्यंत दार उघडं ठेवून बादली भरा, गिझर बंद करा आणि थोड्या वेळानं आंघोळीला जा. ज्योत निळीऐवजी पिवळी दिसली तर मेकॅनिक येईपर्यंत गिझर वापरू नका. आंघोळ करताना डोकं दुखलं, मळमळलं, तर ‘पित्त असेल’ म्हणू नका. आधी बाहेर या. कोणी आत पडलेलं आढळलं तर दार-खिडक्या उघडा, गॅस बंद करा, माणसाला मोकळ्यावर आणा आणि थेट रुग्णालय गाठा. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा उतरायला चार-पाच तास लागतात; शुद्ध ऑक्सिजनवर तास-दीड तास.