एक मार्चच्या रात्री डोंगरावर कोण?

बीड जिल्हा परिषदेचा एखादा सदस्य सकाळी एका गावात दहाव्याला बसतो, दुपारी दुसऱ्या गावात साखरपुड्याला जेवतो आणि संध्याकाळी तिसऱ्या गावच्या पारावर पाण्याच्या टाकीचे भांडण मिटवतो. आपण लोकसंख्येच्या हिशेबाने एक अख्खा हिमालयी जिल्हा सांभाळतो आहोत, हे त्याच्या गावीही नसते. २०१७ च्या निवडणुकीत बीड जिल्हा परिषदेचे ६० गट, म्हणजे मतदारसंघ, होते. २०११ च्या जनगणनेतली जिल्ह्याची ग्रामीण लोकसंख्या वीस लाखांच्या थोडी वर. भागाकार केला की एका गटाला साधारण चौतीस हजार माणसे येतात. हिमाचल प्रदेशातल्या लाहौल-स्पिती या संपूर्ण जिल्ह्याची लोकसंख्या त्याच जनगणनेत होती ३१,५६४.

आणि तो जिल्हा आकाराने बीडपेक्षा मोठा आहे. बीड १०,६९३ चौरस किलोमीटर, लाहौल-स्पिती १३,८००च्या वर. तिकडे एका चौरस किलोमीटरला दोन माणसे, इकडे २४२. लाहौलच्या दाटीने बीड वसवायचे म्हटले तर आष्टीपासून परळीपर्यंत अकरा तालुक्यांत मिळून चोवीस-पंचवीस हजार लोक राहतील, म्हणजे एक गटसुद्धा धड भरणार नाही. उलट बीडच्या दाटीने लाहौल भरला, तर त्या बर्फात तेहतीस लाखांवर माणसे कुडकुडत बसतील.

अरुणाचलातला दिबांग खोरे जिल्हा याहून विरळ. क्षेत्रफळ ९,१२९ चौरस किलोमीटर, बीडपेक्षा थोडेसेच कमी, आणि माणसे ८,००४. महाराष्ट्रात साडेसात हजारांवर लोकसंख्या गेली की ग्रामपंचायतीला कमाल म्हणजे १७ सदस्य मिळतात. तेव्हा आपल्या कायद्याने हा सगळा जिल्हा म्हणजे सतरा सदस्यांची एक ग्रामपंचायत. एक सरपंच, एक ग्रामसेवक आणि नऊ हजार चौरस किलोमीटरची घरपट्टी. त्या ग्रामसेवकाची दया येते.

असे आकडे चघळायला मजा येते, पण त्यातून बीड हा गच्च भरलेला जिल्हा आहे असे वाटू लागते. दिवाळीनंतर पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी या बाजूला घाटावर फिरून आलेल्याला ते पटणार नाही. खाली गोदावरीकाठची गंगथडी, काळी जमीन. वर बालाघाट. त्याची उंची हजार मीटरलाही पोचत नाही, जमीन मुरमाड, पाऊस बेभरवशाचा. या डोंगरातून मांजरा उगम पावते आणि लातूरकडे निघून जाते. माणसेही तशीच निघून जातात. दसऱ्याला मेळावा होतो, ऊसतोडीच्या टोळ्या ठरतात, आणि मग ट्रक, ट्रॅक्टर, बैलगाड्या पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडे लागतात. एकट्या बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्यांचा आकडा नेहमी पाच लाखांच्या वरच सांगितला जातो. पाच लाखच धरा. म्हणजे जवळजवळ सोळा लाहौल-स्पिती एका महिन्यात उठून चालू लागतात आणि कारखान्याचा पट्टा पडला की परत येतात. मागे उरतात म्हातारी माणसे, कुलपे आणि शाळेत ठेवलेली काही पोरे.

या माणसांना मोजायचे एक माप बीडमध्ये फार पूर्वीपासून आहे: कोयता. एक कोयता म्हणजे दोन माणसे, नवरा आणि बायको. एकटा गडी किंवा एकटी बाई म्हणजे अर्धा कोयता. टोळीचा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती कोयत्यावर, टोळी मोजतो ती कोयत्यांत, हजेरी आणि खाडाही कोयत्याचाच. एक आजारी पडला की खाडा दोघांच्या नावावर लागतो. दशांश चिन्ह शाळेत शिकण्याच्या आधी इथली पोरे अर्धा म्हणजे काय ते जाणतात. लग्न लवकर उरकण्यामागे पुष्कळदा हेच अंकगणित असते: अर्ध्याचा पूर्ण करायचा.

हिशेब पुढे चालवून पाहण्यासारखा आहे. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली आणि टनाला साधारण ३६६ रुपये झाले. एक कोयता पहाटेपासून राबला तर दिवसाला दोनेक टन ऊस तोडतो, साळतो, मोळ्या बांधतो आणि डोक्यावरून गाडीत भरतो. लाखाची उचल घेतली असेल तर ती फेडायला २७३ टन लागतात, म्हणजे एकही खाडा न पडता १३७ दिवस. कारखान्याचा हंगामही साधारण एवढाच चालतो. किराणा, दवाखाना, बैलांची पेंड हे सगळे त्याच दिवसांतून. वाढे विकून चार पैसे सुटतात ते वेगळे. पुढच्या वर्षी पुन्हा उचल का घ्यावी लागते, हे समजायला अर्थशास्त्र लागत नाही.

आता तारखांकडे येऊ, कारण मला खरे कोडे तिथे दिसते.

देशाची जनगणना फेब्रुवारीत होते आणि संदर्भ क्षण धरतात १ मार्चची मध्यरात्र. २०११ मध्ये तसेच झाले आणि १६ जून २०२५ च्या अधिसूचनेने २०२७ साठीही तीच तारीख ठरली. अपवाद बर्फाळ प्रदेशांचा. लडाख आणि जम्मू-काश्मीर, हिमाचल, उत्तराखंड यांचे बर्फाळ भाग यांच्यासाठी वेगळी तारीख आहे: १ ऑक्टोबर २०२६. मागच्या खेपेलाही त्यांची गणना १ ऑक्टोबर २०१० ची होती. कारण उघड आहे. फेब्रुवारीत बर्फामुळे गणक पोचत नाही आणि पोचला तरी पुष्कळ घरे हिवाळ्यापुरती खाली उतरलेली असतात. रोहतांगखालून ३ ऑक्टोबर २०२० ला नऊ किलोमीटरचा अटल बोगदा खुला झाला, तोवर लाहौल वर्षातले काही महिने जगापासून तुटलेलाच असे. एकतीस हजार माणसे नीट मोजली जावीत म्हणून देशाने पाच महिने आधीची तारीख काढली, हे मला मनापासून आवडते.

पण बालाघाटही हिवाळ्यात रिकामा होतो. बर्फ पडत नाही एवढेच. जनगणनेचा नियम असा की, मोजणीच्या काळात (२०११ मध्ये ९ ते २८ फेब्रुवारी) माणूस एकदाही नेहमीच्या घरी नसेल, तर त्याला तो सापडेल तिथे मोजायचे. म्हणजे पाटोद्याचा कोयता कोल्हापूर, सांगली किंवा बेळगावकडच्या फडाच्या कडेला कोपीत सापडला तर तिकडच्या आकड्यात जमा. त्या कोपीचा पत्ता कुणी काय लिहावा? फड संपला की कोपी उठते. २५,८५,०४९ ही २०११ ची बीडची लोकसंख्या एकेका माणसापर्यंत नेमकी छापलेली आहे. शेवटच्या नऊपर्यंत. त्या नऊकडे पाहिले की मला हसू येते.

हे केवळ कोड्यापुरते असते तर सोडून दिले असते. ग्रामपंचायतीचे सदस्य सात असावेत की नऊ, हे लोकसंख्येवर ठरते: पंधराशेपर्यंत सात, पुढे तीन हजारांपर्यंत नऊ. वित्त आयोगाचा स्थानिक संस्थांसाठीचा निधी वाटताना सर्वांत मोठे वजन लोकसंख्येलाच असते. जिल्हा परिषदेच्या गटांच्या आणि पंचायत समितीच्या गणांच्या सीमाही तिच्यावरच आखतात. पावसाळ्यात नळाला, रेशनला आणि दवाखान्याला उभी राहणारी माणसे मार्चच्या कागदावर असतील तर ठीक. नसली तर तेवढ्या माणसांचा खर्च कागदावर नसलेल्या पैशातून भागवायचा.

ग्रामसभेचेही तेच. वर्षाला किमान चार सभा. रूढ तारखा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. गणपूर्ती लागते ती मतदारांच्या १५ टक्के किंवा शंभर, यांतली कमी असेल ती. यातली २६ जानेवारी भर हंगामात येते. बाराशे मतदारांच्या गावात निम्मे फडावर असले की उरलेल्या सहाशेंत म्हाताऱ्यांची संख्या मोठी. शंभर जमले तर ठीक, नाही तर सभा तहकूब. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, ही कायद्यातली सोय बालाघाटात चांगलीच रुळली आहे. ग्रामपंचायतीची निवडणूक हिवाळ्यात लागली तर मात्र उमेदवार स्वखर्चाने गाड्या पाठवून फडावरून मतदार आणतात. मतासाठी माणूस तीनशे किलोमीटरवरून बरोबर सापडतो.

योग्य ऋतूत मोजले की काय हाती लागते, याचे एक उदाहरण आहे. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा विषय गाजला, तेव्हा जून २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. टोळ्या तेव्हा गावात होत्या. आरोग्य खात्याच्या पाहणीत ८२,३०९ बायकांची नोंद झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले निघाले, म्हणजे सहांतली एक. मोजणाऱ्या याच गावांतल्या होत्या, उंबऱ्याशी बसून विचारणाऱ्या. या आकड्याशेजारी लाहौल, दिबांग वगैरे ठेवून गंमत करावीशी वाटत नाही.

सुरुवातीच्या भागाकाराकडे परत यायचे, तर २०२२ च्या मार्चमध्ये बीड जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि साठ सदस्यांच्या जागी एक प्रशासक आला. भागाकार सोपा झाला: छेदस्थानी एक.

तरीही डोंगरावर मागे कोण उरले, हे जिल्ह्यात एका माणसाला बिनचूक माहीत असते, तो म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेचा मुख्याध्यापक. दिवाळीनंतर शाळा उघडली की तो हजेरीपट घेऊन घरोघर फिरतो. कुणाला आईबापांनी बरोबर नेले, त्याला शिक्षण हमी कार्ड. कुणाला आजीजवळ ठेवले, त्याचे नाव हंगामी वसतिगृहात. वसतिगृह म्हणजे बऱ्याच ठिकाणी दोन वेळचे जेवण. झोपायला पोरे आजीकडेच जातात. संध्याकाळी तांदूळ निवडायला बसलेली बाई दारातूनच विचारते, ‘गुरुजी, आज किती?’ गुरुजी सांगतात तो आकडा त्या रात्रीपुरता खरा असतो. चुकला तर भात उरतो, नाही तर शेवटच्या पोराच्या ताटात कमी पडतो.