वर्ध्याचे ऋतुमान आणि प्रवाशाचा पेहराव

परगावाहून येणाऱ्या पाहुण्याला आपण पत्रातून चार ओळी कळवतो : केव्हा यावे, कोणते कपडे आणावेत, सोबत काय ठेवावे. माहितीपर लेखनाचा हा सर्वांत घरगुती नमुना होय. तो सोपा वाटतो. परंतु त्यातील एखादा मोघम शब्द पाहुण्याला अंथरुणाला खिळवू शकतो. वर्धा जिल्ह्याचे ऋतुमान उदाहरणादाखल घेऊन हे आपण समजून घेऊ.

भारत हा मोसमी पावसाचा देश असल्याने प्रवासविषयक सल्ल्याची सुरुवात बहुधा छत्री आणि रेनकोट यांनी होते. वास्तविक ‘मान्सून’ आणि ‘मोसम’ हे दोन्ही शब्द अरबी ‘मौसिम’ या एकाच शब्दापासून आले आहेत व त्याचा मूळ अर्थ ‘ऋतू’ असा आहे, ‘पाऊस’ नव्हे. हा मूळ अर्थ वर्ध्याला अधिक लागू पडतो. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या या जिल्ह्यात वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे कोकणाच्या तुलनेत निम्म्याहून कमी. पेहरावाची खरी तयारी येथे करावी लागते ती उन्हाळ्यासाठी.

एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी जूनच्या पहिल्या आठवड्यात आमच्याकडे किनारपट्टीच्या भागातून एक परीक्षक आले होते. ‘पावसाळ्याचे दिवस आहेत, त्या तयारीने यावे’ असे पत्र मीच त्यांना पाठवले होते. त्यांनी जाड रेनकोट आणि पावसाळी बूट आणले. डोक्याला बांधायला काहीही नव्हते. पाऊस तर आलाच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी स्थानकावरून चालत येताना त्यांना ऊन लागले आणि दोन दिवस सलाइनवर काढावे लागले. चूक माझ्या वाक्यात होती. पंचांगात ७ जूनच्या सुमारास मृग लागतो खरा. पण विदर्भात मोसमी पाऊस सर्वसाधारणपणे जूनच्या मध्यास पोहोचतो. त्याआधीचे रोहिणी नक्षत्राचे दिवस, विशेषतः २५ मेपासूनचा नवतपा, हा वर्षातील सर्वांत दाहक काळ. ‘पावसाळ्याचे दिवस’ हे माझे शब्द दिनदर्शिकेला धरून होते, आकाशाला धरून नव्हते.

उन्हाळ्यात वर्ध्याचे कमाल तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या घरात जाते. भारतीय हवामान विभागाच्या निकषानुसार मैदानी प्रदेशात ४५ अंश म्हणजे उष्णतेची लाट आणि ४७ अंश म्हणजे तीव्र लाट. शिवाय हा आकडा सावलीत, हवा खेळती असलेल्या लाकडी पेटीत मोजलेला असतो. रस्त्यावरचा पादचारी त्याहून अधिक सोसतो.

किनारपट्टीचा माणूस उकाड्यात कपडे कमी करतो. तेथील हवा दमट असते, अंगाला वारा लागावा हे तेथे ठीकच. वर्ध्याला मात्र उलट करावे लागते. हवा त्वचेपेक्षा तापलेली असली की उघड्या अंगाला लागणारा वारा ताप वाहून नेत नाही, उलट ताप आणून देतो. घाम तर क्षणात सुकतो, त्यामुळे अंगातून किती पाणी गेले ते कळतही नाही. म्हणून पूर्ण बाह्यांचा, सैल, फिक्या रंगाचा सुती पोशाख आणि डोके, कान व मान झाकणारा दुपट्टा, ही येथील रीत. दुचाकीवरून जाणारे स्त्री-पुरुष केवळ डोळे उघडे ठेवून चेहरा गुंडाळतात, हे पाहून नवखा माणूस चकित होतो. दुपट्टा ओला करून बांधला तर बाष्पीभवनाने गारवा मिळतो. घरातील कुलर आणि वाळ्याच्या ताट्या यांचेही तत्त्व तेच.

सेवाग्रामला जाणाऱ्यांनी आश्रमाच्या भिंतींकडेही या दृष्टीने पाहावे. गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, तेव्हाच्या शेगाव या खेड्यात आले. तेथील आदि-निवास आणि बापूकुटी यांच्या मातीच्या भिंती, बांबू आणि उतरते कवेलूंचे छप्पर हादेखील झाकण्याचाच विचार आहे. हातमागाच्या खादीची वीण थोडी विरळ असल्याने ती घाम टिपते आणि हवा खेळू देते. उन्हाळ्यात तिच्यासारखे वस्त्र नाही.

पावसाळ्यात मात्र खादीचा आग्रह मी धरणार नाही, हे कापसाच्या जिल्ह्यात बसून लिहिताना थोडे अवघड वाटते. झडी लागली की दोन-तीन दिवस ऊन दिसत नाही आणि जाड सूत वाळता वाळत नाही. पातळ सुती किंवा मिश्र धाग्याचे, लवकर वाळणारे कपडे त्या वेळी बरे; जीन्स टाळावी. काळ्या मातीचा चिखल बुटाला थरावर थर चिकटतो. खेड्यात जायचे असेल तर पट्ट्यांची, धुता येणारी चप्पल बरी.

हिवाळा सौम्य असतो, पण फसवा. दुपारी सदरा पुरतो आणि पहाटे हुडहुडी भरते. बोरच्या जंगलात सकाळी उघड्या गाडीतून फिरणाऱ्याला स्वेटर आणि कानटोपी हवीच.

आता भाषेकडे वळू. ‘हलके कपडे आणावेत’ हे वाक्य आपण सर्रास लिहितो. मराठीत ‘हलके’ म्हणजे वजनाने कमी, तसेच प्रतीने कमी; रंगाविषयीही तो शब्द वापरतात. वाचणाऱ्याने यातले काय घ्यावे? ‘सैल’, ‘फिके’, ‘पातळ’, ‘सुती’ हे चार शब्द चार वेगळ्या गोष्टी नेमकेपणाने सांगतात. आणखी एक पाहा. ‘मला ऊन लागले’, ‘मला थंडी वाजली’ या वाक्यांत माणूस कर्ता नाही, भोगणारा आहे. सल्ला देताना त्याला कर्तेपण द्यावे लागते : ‘अकरा ते चार बाहेर पडू नका, पडावेच लागले तर डोके झाका आणि तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्या.’ त्या परीक्षकांना मी एवढेच कळवायला हवे होते.

स्वाध्याय : आपल्या गावी मे महिन्याच्या अखेरीस येणाऱ्या पाहुण्यासाठी दहा ओळींचे सूचनापत्र लिहा. ‘हलके’, ‘योग्य’ व ‘आवश्यक ते’ हे शब्द वापरू नका.