कामाच्या फोटोवर आपले नाव : वॉटरमार्क कुठे व कसा लावावा?

आमच्या गेवराईतील फर्निचर बनविणाऱ्या एका कारागीर बांधवाने सागवानाचे एक शोकेस तयार केले. दारावरची वेलबुट्टी त्याने स्वतः काढलेली होती आणि कामाला दीड महिना लागला होता. फोटो काढून त्याने तो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला. काही महिन्यांनी एक गिऱ्हाईक त्याच्याच दुकानात आले, मोबाईलवर तोच फोटो दाखविला आणि विचारले, "हे दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका दुकानाचे काम आहे. असे तुम्हाला जमेल काय?" खालच्या कोपऱ्यात लिहिलेले त्याचे नाव कापून टाकलेले होते आणि वर भलत्याच दुकानाचा नंबर होता. हे काम माझेच आहे, हे त्या गिऱ्हाइकाला पटवून देता देता त्याच्या नाकी नऊ आले.

पूर्वी गिऱ्हाईक दुकानात येऊन माल पाहत असे. आता माल दुकानातच राहतो आणि फोटो गावोगाव फिरतो. शिवणकाम, जरीकाम, मेंदी, ग्रील-गेटचे वेल्डिंग, लग्नाचे स्टेज, यांपैकी कोणताही धंदा याला अपवाद नाही. म्हणून फोटोवर वॉटरमार्क, म्हणजे जलचिन्ह, लावण्याची माहिती आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांना असणे जरुरीचे आहे.

वॉटरमार्क ही वस्तू मुळात कागदवाल्यांची आहे. इटलीतील फाब्रियानो येथील कागद बनविणारे तेराव्या शतकाच्या अखेरीस साच्याच्या जाळीवर तारेची आकृती बसवू लागले. त्या जागी लगदा पातळ बसे आणि कागद उजेडात धरला की खूण दिसे. आपल्याकडच्या जुन्या हातकागदावर अशी खूण सहसा नसे. पुढे इटलीच्या कागदवाल्यांनी तुर्की बाजारात खपणाऱ्या कागदावर तीन चंद्रकोरींची खूण घातली. गिऱ्हाईक ओळखून खूण निवडण्याची ही हुशारी आजच्या दुकानदारालाही शिकण्यासारखी आहे. आपल्या खिशातील नोटेवर गांधीजींचा जो फिकट चेहरा दिसतो, तोही वॉटरमार्कच.

मोबाईलच्या फोटोवरील वॉटरमार्क म्हणजे फोटोवर फिकट अक्षरांत छापलेले नाव. त्यासाठी खर्च नाही. स्नॅपसीडसारख्या फुकटच्या अ‍ॅपमध्ये अक्षरे लिहिता येतात व ती किती फिकट ठेवायची हेही ठरविता येते. गंमत अशी, की आमच्या कित्येक बांधवांच्या फोटोंवर आजही नाव असतेच, पण ते मोबाईल बनविणाऱ्या कंपनीचे! सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करता येते, काही मोबाईलमध्ये तर त्या जागी आपले नाव लिहिता येते. काम आपले आणि जाहिरात कंपनीची, हा कोणता व्यवहार?

आता खरा मुद्दा जागेचा. कोपऱ्यातील नाव दोन बोटांनी कापता येते, त्या शोकेसच्या बाबतीत तेच झाले. नाव कामाच्या अंगावर पाहिजे. शोकेसच्या फोटोत ते कोरीव दारावरून तिरके जावे, मेंदीच्या फोटोत तळहाताच्या नक्षीवरून जावे, कुर्त्याच्या फोटोत गळ्याच्या भरतकामावर यावे. ते कापायचे म्हटले तर कामच कापले जावे. मात्र अक्षरे इतकी गडद नकोत की गिऱ्हाइकाला नक्षीच दिसू नये. आमच्या अनुभवाने निम्म्याहून थोडी फिकट अक्षरे बरी पडतात. नाव, गाव, मोबाईल नंबर आणि वर्ष एवढा मजकूर पुरे. दुकानाचा सगळा पत्ता व 'आमची कोठेही शाखा नाही' हे फोटोवर लिहिण्याचे कारण नाही.

दर फोटोवर तोच शिक्का त्याच जागी मारू नये. गुगलच्या संशोधकांनी २०१७ साली दाखवून दिले की, एकच वॉटरमार्क शेकडो फोटोंवर जसाच्या तसा असेल तर संगणक ते सगळे फोटो ताडून पाहतो, शिक्का ओळखतो आणि आपोआप पुसतो. प्रत्येक फोटोत शिक्क्याचा आकार थोडा वाकवून बदलला तर हे काम अवघड होते, असेही त्यांना आढळले. त्यानंतर कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आली आणि एकेका फोटोवरील नाव पुसणेही सोपे झाले. तेव्हा वॉटरमार्क हे कुलूप नव्हे, दारावरची पाटी आहे. सहज जाता-येता उचलणारा त्याने थांबतो, ठरवून आलेला थांबत नाही.

म्हणून मूळ फोटो जपून ठेवणे वॉटरमार्कइतकेच महत्त्वाचे. मोबाईलने काढलेल्या मूळ फाईलमध्ये तारीख, वेळ व मोबाईलचे मॉडेल यांची नोंद असते. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने फोटो पाठविला की तो आकाराने लहान होतो आणि ही नोंद गळून पडते. मूळ फाईल कोणालाही देऊ नये, मेमरी कार्डात किंवा पेन ड्राईव्हवर वेगळी ठेवावी. लोकांना लहान आकाराचा फोटो द्यावा, मोठा करून छापता येणार नाही असा. अर्धवट कामाचे दोन-चार फोटोही काढावेत. तयार शोकेसचा फोटो कोणीही चोरील, पण अर्ध्या कोरलेल्या दाराचा फोटो ज्याने कोरले त्याच्याकडेच असतो.

कायद्याचे म्हणाल तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने फोटो व चित्र यांना नोंदणी न करताही संरक्षण आहे. नोंदणी केली तर पुरावा म्हणून उपयोग होतो. २०१२ च्या दुरुस्तीने या कायद्यात कलम ६५-ब आले. मालकाचे नाव वगैरे हक्काची माहिती जाणूनबुजून व परवानगीशिवाय काढून टाकणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. फोटोवर आपले नाव लिहिण्याचा मोठा फायदा हा. पुसणाऱ्याला 'मला माहीत नव्हते' म्हणणे जड जाते. फेसबुक व इन्स्टाग्राम यांच्याकडे कॉपीराइटच्या तक्रारीचा फॉर्म असतो. तो भरताना मूळ फाईल हाताशी असावी आणि चोरलेल्या फोटोचा स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवावा.

परंतु एक गैरसमज दूर केला पाहिजे. वॉटरमार्क फोटो राखतो, नक्षी राखत नाही. फोटो पाहून कोणी तसेच शोकेस बनविले तर प्रश्न डिझाइनचा होतो, आणि त्यासाठी २००० सालचा डिझाइन कायदा वेगळा आहे. त्यात नोंदणी करायची तर डिझाइन त्याआधी लोकांसमोर आलेले नसावे. म्हणजे ज्याला नोंदणी करायची आहे त्याने फोटो आधी टाकूच नये, मग त्यावर कितीही वॉटरमार्क असोत. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालेले होते. तरी २०२५ च्या जूनमध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलान येथे तशाच चपला कोल्हापूरचे नाव न घेता दाखविल्या. ओरड झाल्यावर कंपनीने मूळ कोठले ते मान्य केले. एवढ्या नावाजलेल्या वस्तूची ही गत, तर गेवराईच्या वेलबुट्टीचे काय सांगावे!

आता थोडे आपल्या घरात पाहू. आमचे काही कापड व्यापारी सुरतेच्या ठोक व्यापाऱ्यांच्या कॅटलॉगमधील फोटो घेतात, त्यावरचे नाव पुसतात आणि आपल्या दुकानाचे नाव टाकतात. ज्या कलमाचा आधार आपण मागतो तेच कलम येथे आपल्यावर उलटू शकते. पुष्कळदा ठोक व्यापारी विचारल्यास आनंदाने परवानगी देतो, कारण माल त्याचाच खपतो. ती परवानगी मेसेजवर लेखी घ्यावी.

लग्नाचे फोटो काढणाऱ्या बांधवांसाठीही एक गोष्ट आहे. पैसे देऊन सांगून काढून घेतलेल्या फोटोची मालकी, वेगळा करार नसेल तर, पैसे देणाऱ्याची असते. तेव्हा नमुना म्हणून ते फोटो टाकायचे असतील तर पावतीवरच तशी एक ओळ लिहून सही घ्यावी. मेंदी काढणाऱ्या भगिनींनी नवरीचा चेहरा न घेता फक्त हात घ्यावेत, आणि त्यासाठीही घरच्यांना नव्हे, तिला स्वतःला विचारावे.

त्या शोकेसवाल्या बांधवाजवळ सुदैवाने कोरीव काम चालू असतानाचे तीन फोटो होते. ते त्याने समोरच्या दुकानदाराला पाठविले व फोन केला. दुसऱ्या दिवशी फोटो निघाला. नक्षी मात्र त्या दुकानात आजही चालते.